कापसाचे गिऱ्हाईक शत्रू झाले तेव्हा

माझे आजोबा १९१४ साली बारा वर्षांचे होते. त्या वर्षी दिवाळीनंतर ते आपल्या वडिलांबरोबर कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या बाजारात गेले, तिथे दोन रात्री काढल्या आणि तीच भरलेली बंडी घेऊन गावी परतले. अडते माल उतरवून घ्यायला राजी नव्हते आणि एकाने जो भाव सांगितला, तो ऐकून पणजोबांनी काही न बोलता बैल पुन्हा जुंपले. कारण विचारले तेव्हा त्यांना एवढेच कळले की सातासमुद्रापलीकडे लढाई जुंपली आहे आणि यंदा जर्मनवाला कापूस घेणार नाही. आबाजींनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, ही हकिगत मला लहानपणापासून कितीतरी वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी शेवटी तोच प्रश्न विचारला : "तो तं आपला कापूस घेत होता. मंग त्याच्याशी आपलं वैर लावलं कोनं?"

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. पहिल्या महायुद्धाची कारणे हा धडा मी दरवर्षी घेतला. साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार आणि शस्त्रास्त्रस्पर्धा ही कारणे फळ्यावर एकाखाली एक लिहिली, साराजेव्हो येथील हत्या हे तात्कालिक कारण म्हणून सांगितले आणि मुलांनी ते पाठ करून परीक्षेत गुण मिळवले. त्यात चुकीचे काही नव्हते. परंतु एकाखाली एक लिहिलेली ही कारणे एकमेकांत कशी गुंततात आणि त्यांच्या गुंत्यातून लाखो माणसे मरणाच्या दारात कशी उभी राहतात, हे त्या यादीतून कळत नाही, आणि आबाजींच्या प्रश्नाला तर तिच्यात उत्तरच नाही. निवृत्तीनंतर वावर सांभाळताना मला वाचायला पुष्कळ वेळ मिळाला. त्या वाचनातून जे उमगले ते येथे लिहीत आहे.

प्रथम आमच्या कापसाविषयी सांगायला हवे. १८५३ साली निजामाकडे राहिलेल्या फौजखर्चाच्या थकबाकीपोटी कंपनी सरकारने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले. काळ्या जमिनीचा हा सगळा पट्टा अशा रीतीने दोन वर्षांत इंग्रजांच्या हाती आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्यांचे लक्ष वऱ्हाड आणि वर्धेच्या खोऱ्याकडे वळले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबपासून निराळा फाटा टाकण्यात आला, ज्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एका बाजाराच्या गावाला जाणाऱ्या काही मैलांच्या रुळांसाठी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या गाठींची किंमत कोणाला किती होती हे समजते. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाला वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर वऱ्हाड कायमचा पट्ट्याने लिहून घेतला. या व्यवहारात वऱ्हाडात राहणाऱ्या कोणालाही कोणी काही विचारले नाही.

मात्र या हकिगतीत एक वळण आहे आणि माझ्या सगळ्या विवेचनाचा आधार तेच आहे. अमेरिकेतील युद्ध संपल्यावर लँकेशायर पुन्हा तिकडच्या लांब धाग्याच्या कापसाकडे वळले. आमचा आखूड धाग्याचा कापूस त्यांच्या यंत्रांना फारसा मानवत नव्हता. तो विकत घेऊ लागले ते जपान आणि युरोप खंडातले देश : जर्मनी, बेल्जियम, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी जमीन इंग्रजांच्या ताब्यात होती, महसूल इंग्रज गोळा करीत होते, पण त्या जमिनीतला कापूस पैसे मोजून जर्मनीच्या गिरण्या नेत होत्या. त्यांना त्यासाठी वऱ्हाड जिंकावा लागला नाही, इथे एक शिपाई ठेवावा लागला नाही. बाजारात येऊन बोली लावली की माल मिळत होता.

असे असताना जर्मनीला साम्राज्य कशासाठी हवे होते? १८९७ मध्ये जर्मनीचे परराष्ट्रमंत्री ब्यूलो यांनी आपल्या संसदेत सांगितले की आम्हांला कोणाला सावलीत ढकलायचे नाही, पण सूर्यप्रकाशातली आमची जागा आम्हांलाही हवी आहे. ही भाषा व्यापाऱ्याची नाही, पंगतीत आपले पान कुठे मांडले आहे हे पाहणाऱ्या पाहुण्याची आहे. महायुद्धापूर्वी जर्मनीच्या एकूण परदेशी व्यापारात तिच्या स्वतःच्या वसाहतींचा वाटा शंभरात एक इतकासुद्धा नव्हता. ज्या प्रदेशांनी तिच्या गिरण्यांना कच्चा माल पुरवला, त्यांतले बहुतेक दुसऱ्यांच्या ताब्यात होते आणि तरीही तिचे कारखाने भरभराटीला आले होते. साम्राज्यांच्या स्पर्धेमागे केवळ पोटाची गरज होती, कारखान्यांना माल आणि बाजार हवे होते म्हणून युद्ध झाले, असे जे सरसकट सांगितले जाते, ते त्यामुळे मला अपुरे वाटते. पैसा होता, लोभ होता, वसाहतींत गुंतवणूक केलेल्या कंपन्यांचा दबावही होता. तथापि जोपर्यंत भांडण पैशाचे असते तोपर्यंत त्यात तोडजोड होऊ शकते, कारण पैशाचे भाग पाडता येतात. मानाचे भाग पाडता येत नाहीत.

आमच्या गावातील एक प्रसंग इथे सांगणे मला आवश्यक वाटते. दोन चुलतभावांचे वावर एकमेकांना लागून होते आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांच्यात वाद झाला. एकाने वखरताना धुरा दोन फूट सरकवला, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. पहिल्या वर्षी गावातील वडीलधाऱ्यांनी समजूत घातली आणि धाकट्याने ऐकले. त्यानंतर पोळ्याला, लग्नाकार्यात, चावडीवर जो तो त्याला सुनावू लागला की तू भ्यालास, तुझ्या बापाने असे सोडले नसते. तिसऱ्या वर्षी पुन्हा वाद निघाला तेव्हा मी स्वतः त्याच्याकडे गेलो आणि म्हटले की सरकारी मोजणी करून घेऊ, दोन फुटांसाठी कोर्टकचेरी नको. त्याने दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही : "सर, सवाल दोन फुटाचा नाही राह्यला आता. यावर्षीही मांगं सरकलो तं गावात तोंड कसं दाखवू?" पुढे त्या खटल्यात दोघांचेही जेवढे पैसे गेले तेवढ्यात त्यांना दोन एकर नवी जमीन घेता आली असती.

१८९८ ते १९१४ या सोळा वर्षांतील युरोपचा इतिहास मी वाचतो तेव्हा मला पदोपदी तो धाकटा भाऊ दिसतो. १८९८ मध्ये नाईल नदीच्या वरच्या भागात फाशोडा येथे मार्शाँचे मूठभर फ्रेंच सैनिक आणि इंग्रज सेनापती किचनेरचे सैन्य समोरासमोर आले. दोन्ही देशांत युद्धाची भाषा सुरू झाली, पण फ्रान्सने माघार घेतली. १९०५ मध्ये जर्मनीचा सम्राट कैसर विल्यम मोरोक्कोतील टँजिअरला उतरला आणि फ्रान्सच्या तिथल्या हक्कांना त्याने आव्हान दिले. त्यानंतरच्या परिषदेत जर्मनी जवळजवळ एकाकी पडली. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया आपल्या राज्यात सामील करून टाकला. सर्बिया खवळली, तिच्या पाठीशी रशिया उभा राहिला, परंतु जर्मनीने दरडावताच १९०९ च्या मार्चमध्ये रशियाला मान खाली घालावी लागली. १९११ मध्ये जर्मनीने मोरोक्कोच्याच अगादीर बंदरात पँथर ही लढाऊ नौका पाठवली, ब्रिटनने फ्रान्सची बाजू घेतली आणि अखेरीस काँगोच्या दलदलीचा एक तुकडा घेऊन जर्मनीला गप्प बसावे लागले. त्या तडजोडीवर जर्मन संसदेत चर्चा झाली तेव्हा सरकारवर टीका करणाऱ्या भाषणांना प्रेक्षागारात बसलेला खुद्द युवराज टाळ्या वाजवत होता.

यांपैकी प्रत्येक प्रसंगी युद्ध टळले, आणि म्हणून पुष्कळ लोकांना असे वाटत राहिले की पुढेही ते असेच टळत जाईल. वस्तुतः प्रत्येक टळलेले युद्ध कोणाच्या तरी खाती अपमान म्हणून जमा होत होते. पूर्वीच्या काळी राजे आपापसांत भांडत आणि सोयीनुसार समेट करीत, प्रजेला त्याचे फारसे सोयरसुतक नसे. आता मात्र लाखो लोक वर्तमानपत्रे वाचू लागले होते, शाळाशाळांतून झेंड्याला वंदन होत होते, आणि आफ्रिकेच्या नकाशावरील कोणता तुकडा कोणत्या रंगाचा, हे बर्लिनच्या किंवा पॅरिसच्या साध्या कारकुनालाही आपल्या स्वतःच्या इभ्रतीचे प्रश्न वाटत होते. जर्मनीत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या आरमार संघटनेचे लाखो सभासद होते आणि त्यांतल्या कित्येकांनी समुद्र पाहिलाही नसेल. इंग्लंडमध्ये १९०९ साली नव्या प्रकारच्या युद्धनौका किती बांधाव्यात यावर सरकार विचार करीत असताना "आम्हांला आठ हव्यात, आम्ही थांबणार नाही" ही घोषणा रस्त्यांवरून दिली जात होती. ज्या पैशातून म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन द्यायचे त्याच पैशातून त्या नौका बांधायच्या होत्या, हे ठाऊक असूनही लोक ती घोषणा देत होते.

साम्राज्यांच्या स्पर्धेने भांडणाचे विषय पुरवले आणि राष्ट्रवादाने माघारीची वाट बुजवली. मला जे म्हणायचे आहे ते इतकेच आहे, पण हे दोन्ही एकत्र आल्याशिवाय १९१४ चा जुलै समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या दोहोंचा एकमेकांशी असलेला धागा घटनांच्या क्रमातही स्पष्ट दिसतो. १९११ मध्ये मोरोक्को फ्रान्सच्या पदरात पडतो आहे असे पाहून, आपण मागे राहू नये म्हणून इटलीने लिबियावर हल्ला केला. लिबिया तेव्हा तुर्कस्तानच्या सत्तेखाली होता. तुर्कस्तान त्या युद्धात गुंतल्याचे पाहून बाल्कनमधल्या लहान राष्ट्रांनी १९१२ मध्ये त्याच्यावर चाल केली. त्या विजयाने सर्बियाचा मुलूख जवळपास दुप्पट झाला आणि ऑस्ट्रियाच्या अमलाखालील स्लाव्ह तरुणांना आपली सुटकाही आता दूर नाही असे वाटू लागले. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप हा बोस्नियातल्या शेतकऱ्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. वय वीसपेक्षा कमी असल्याने त्याला फाशी झाली नाही, आणि १९१८ मध्ये तो क्षयाने तुरुंगात मेला. मोरोक्कोतील बंदरापासून साराजेव्होच्या पुलाजवळच्या त्या कोपऱ्यापर्यंत तीन वर्षांत ही साखळी पोहोचली. तिच्यातल्या प्रत्येक कडीला कोणाचा तरी लोभ आणि कोणाचा तरी अभिमान असे दोन वेढे आहेत.

पुढच्या पाच आठवड्यांत जे घडले त्याची मला अजूनही हळहळ वाटते. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. सर्बियाने त्यातील बहुतेक अटी मान्य केल्या. ते उत्तर वाचून खुद्द कैसरने असा शेरा मारला की आता युद्धाचे काही कारणच उरलेले नाही. तरीही २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. १९०९ चा अपमान विसरू न शकलेल्या रशियाने ३० जुलैला सर्व फौज गोळा करण्याचा हुकूम काढला. जर्मनीची युद्धयोजना अशी होती की रशियाची फौज उभी राहण्याआधीच बेल्जियममधून जाऊन फ्रान्सचा पराभव करायचा, त्यामुळे तिला एक दिवसही थांबणे परवडत नव्हते. १ ऑगस्टला तिने रशियाशी आणि ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध जाहीर केले, आणि ४ ऑगस्टला बेल्जियमच्या तटस्थतेचा भंग झाला म्हणून ब्रिटन युद्धात उतरले. कैसर विल्यम आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज हे दोघेही राणी व्हिक्टोरियाचे नातू होते आणि रशियाचा झार निकोलस हा जॉर्जचा सख्खा मावसभाऊ होता. शेवटच्या दिवसांत कैसर आणि झार एकमेकांना लाडक्या नावांनी तारा पाठवून शांततेची विनवणी करीत होते. भाऊबंदकी आम्हां मराठी माणसांना नवी नाही, परंतु इथे भाऊ थांबू पाहत असतानाही ज्यांचे भाऊपण कोणत्याच नात्याने सिद्ध होत नव्हते ती राष्ट्रे थांबू शकली नाहीत.

युद्धाला विरोध करणारे कोणीच नव्हते असे समजू नये. युरोपातल्या समाजवादी पक्षांनी युद्धाविरुद्ध एकजुटीने उभे राहण्याचे ठराव १९०७ पासून वारंवार केले होते. फ्रान्समधील त्यांचे सर्वांत मोठे नेते जाँ जोरेस अखेरच्या क्षणापर्यंत युद्ध थांबवण्यासाठी धडपडत होते. ३१ जुलैच्या संध्याकाळी पॅरिसमधील एका उपाहारगृहात जेवत असताना एका राष्ट्रवादी तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी जर्मनीतील समाजवादी पक्षाने आपल्या सरकारच्या युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले आणि फ्रान्समधील त्यांचे सहकारीही आपल्या सरकारच्या पाठीशी गेले. कामगार कामगाराचा भाऊ आहे असे तीस वर्षे म्हणणारी माणसे एका आठवड्यात आपापल्या झेंड्याखाली उभी राहिली. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, जोरेस यांच्या मारेकऱ्याला न्यायालयाने निर्दोष ठरवून सोडून दिले.

धुऱ्याच्या भांडणाशी या गोष्टीची तुलना एका जागी थांबते, हे मी जाणून आहे. गावात भावांच्या वर तहसीलदार असतो, न्यायालय असते, आणि काहीच नाही तर शेजारपाजार असतो. १९१४ च्या राष्ट्रांच्या वर कोणीही नव्हते, आणि हेगला भरलेल्या परिषदांतून जे लवादाचे न्यायालय उभे राहिले होते त्याच्याकडे जाण्याची सक्ती कोणावर नव्हती.

आता आबाजींच्या बंडीकडे येतो. ४ ऑगस्टला ब्रिटनने युद्ध जाहीर केले त्याच क्षणी हिंदुस्थानही जर्मनीचा शत्रू झाला. जर्मनी आणि ऑस्ट्रियाची बाजारपेठ बंद झाली, बेल्जियम तर जर्मन फौजांच्या टाचेखालीच गेला, आणि एमडन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात जहाजे बुडवायला सुरुवात केल्यामुळे उरलेली वाहतूकही धास्तावली. सप्टेंबरात तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. त्याच सुमारास आमच्या भागात बोंडे फुटायला लागली होती. आजी सांगायची की त्या वर्षीसुद्धा घरच्या बायकांनी नेहमीप्रमाणे सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभीची पूजा, करून वेचणीला हात घातला आणि मग तो कापूस माजघरात आढ्यापर्यंत भरून राहिला. जपानने पुढे खरेदी वाढवली आणि भाव सावरले, पण ते पैसे कापडातच पुन्हा निघून गेले, कारण बाहेरून येणारे कापड, रॉकेल आणि मीठ सगळेच महाग झाले होते. कापूस पिकवणाऱ्याच्या बायकोला लुगडे मिळेना, हे त्या काळाचे वर्णन मी आजीच्याच तोंडून ऐकले आहे.

हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख सैनिक आणि श्रमिक या युद्धासाठी बाहेर पाठवले गेले आणि त्यांतले ७४ हजारांहून अधिक परत आले नाहीत. मेसोपोटेमियातील कूट येथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी जी फौज शरण गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पोटात अन्न नसताना वाळवंटातून चालवत नेलेल्या त्या कैद्यांतले कितीतरी वाटेवरच मेले. बसरा आणि बगदाद यांच्यावर कोणाची सत्ता असावी, या प्रश्नाशी त्या सैनिकांच्या घरादाराचा काडीचाही संबंध नव्हता. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड देऊ केले, म्हणजे ते हिंदुस्थानातील करदात्यांनी दिले. आणि १९१८ मध्ये पाऊस दगा देऊन गेला असतानाच मुंबई बंदरातून आत शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आली. देशात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे गेली आणि सर्वांत जास्त हानी झालेल्या प्रांतांत आमचा प्रांत होता. आबाजींच्या दोन बहिणी एकाच आठवड्यात गेल्या. त्यांच्या मृत्यूची नोंद कोणत्याही युद्धस्मारकावर नाही.

पहिल्या युद्धातून राष्ट्रांनी काही शिकायला हवे होते. २८ जून १९१९ रोजी, साराजेव्होच्या हत्येला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, व्हर्सायचा तह झाला. त्याने जर्मनीच्या वसाहती काढून घेतल्या खऱ्या, पण त्यांना स्वातंत्र्य न देता विजेत्यांनी त्या आपसांत वाटून घेतल्या. स्पर्धा तशीच राहिली, फक्त तिच्यातला एक स्पर्धक अपमानित होऊन बाजूला बसला आणि दुसऱ्याला, म्हणजे जपानला, बरोबरीची वागणूक मिळाली नाही. वंशसमानतेचे तत्त्व राष्ट्रसंघाच्या करारात घालावे ही जपानची मागणी फेटाळली गेली होती.

जपानची गोष्ट आमच्या मातीशी जास्तच जवळून जोडलेली आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आमच्या आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, आणि १९३२ मध्ये ओटावा येथे ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी आपसांत सवलती देऊन बाहेरच्यांसाठी दारे अर्धी लावून घेतली. हिंदुस्थान सरकारने ब्रिटनबाहेरच्या कापडावरील जकात १९३३ मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत नेली, आणि त्याला उत्तर म्हणून जपानच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापूस घ्यायचे बंद केले. लँकेशायर आणि ओसाका यांच्या भांडणात वऱ्हाडचा शेतकरी मधल्या मध्ये चिरडला जात होता. १९३४ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला : जपान जेवढा कापूस घेईल त्या प्रमाणात त्याचे कापड इथे येऊ द्यायचे. तोपर्यंत जपानमधील सैनिकी राष्ट्रवाद्यांना आपल्या जनतेला हे पटवून देणे सोपे गेले होते की ज्याच्याजवळ स्वतःचे साम्राज्य नाही त्याला जगात जागा नाही. मांचुरिया त्यांनी १९३१ मध्येच गिळला होता, १९३७ मध्ये ते चीनवर तुटून पडले. जर्मनीच्या बाबतीत मी वर म्हटले की तिला बाजार मोकळा असूनही तिने मानासाठी साम्राज्य मागितले. जपानच्या बाबतीत साम्राज्यवाल्यांनी बाजाराची दारे लावली आणि मानाच्या गोष्टी करणाऱ्यांच्या हाती कोलीत दिले. जपानने चीनमध्ये जे केले त्याचे यात यत्किंचितही समर्थन नाही. पण पेटते कोलीत हाती आल्यावर ते कुठे जाईल हे सांगता येत नाही. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि आमचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आमचे शत्रू ठरले. कापूस कमी करा, धान्य पेरा, असे सरकार सांगू लागले.

या वेळी मात्र एक फरक होता, आणि तो आमच्याच जिल्ह्यात घडला म्हणून मला त्याचा अभिमान आहे. १९१४ मध्ये हिंदुस्थानला युद्धात ओढले तेव्हा बहुतेक पुढाऱ्यांनी, आज नाही तर उद्या स्वराज्य पदरात पडेल या आशेने, इंग्रजांना सहकार्य देऊ केले होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले तेव्हा काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्याला बसली आणि १४ सप्टेंबरला तिने ठराव केला. त्यात नाझी आक्रमणाचा निःसंदिग्ध धिक्कार होता आणि त्याच दमात ब्रिटनला प्रश्न होता की लोकशाही आणि साम्राज्यशाही यांविषयी तुमचे युद्धोद्देश काय आहेत, आणि ते हिंदुस्थानला कसे लागू करणार ते सांगा. समाधानकारक उत्तर आले नाही आणि नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडसह सर्व काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. शत्रूचा द्वेष न करता त्याच्या कृत्याचा निषेध करणे आणि आपल्या मालकाकडे पाठ न फिरवता त्याला जाब विचारणे, हाही राष्ट्रवादच होता. तो १९१४ मधल्या राष्ट्रवादापेक्षा वेगळ्या जातीचा होता असे मी समजतो. तसे पाहता प्रिन्सिपही एका दडपलेल्या जनतेचाच मुलगा होता, म्हणून दडपलेल्यांचा राष्ट्रवाद आपोआप निर्मळ असतो असेही मला म्हणता येत नाही.

गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरला दोन पत्रे लिहिली, एक जुलै १९३९ मध्ये आणि दुसरे २४ डिसेंबर १९४० रोजी. इंग्रज सरकारने ती पोहोचू दिली नाहीत. दुसऱ्या पत्रात त्यांनी असे बजावले होते की ब्रिटिश नाही तर दुसरी कोणती तरी सत्ता तुमच्याच पद्धतीत तुमच्यापुढे जाईल आणि तुमच्याच शस्त्राने तुमचा पराभव करील, आणि ज्याचा अभिमान वाटावा असा कोणताही वारसा तुम्ही आपल्या जनतेसाठी ठेवून जात नाही. नाझींना शस्त्राशिवाय थांबवता आले असते असे मला वाटत नाही, आणि या बाबतीत माझा गांधीजींशी मतभेद आहे. परंतु एका साम्राज्याने दुसऱ्याला मागे टाकण्याच्या या शर्यतीला अंत नाही, हे त्यांनी ज्या साध्या शब्दांत लिहिले, तेवढे स्वच्छ विवेचन मी जाडजूड ग्रंथांतही क्वचित वाचले आहे.

आमच्या गावापासून पवनार काही कोसांवर आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी धाम नदीकाठच्या त्या गावी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणे चूक आहे, एवढेच म्हणायचे आणि तुरुंगात जायचे, असा तो सत्याग्रह होता. चार दिवसांनी त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते, म्हणजे आबाजी हिंगणघाटहून बंडी परत घेऊन आले त्या वयाचे. आबाजी त्यांना घेऊन पवनारला गेले होते. वडिलांना भाषणातले फारसे काही आठवत नसे. येताना नदी ओलांडल्यावर आबाजी बंडी थांबवून बराच वेळ गप्प बसले होते आणि मग त्यांनी विचारले होते की जपानवाला यंदा कापूस घेईन की नाही, हे कोनाला माहीत असन, एवढे मात्र ते नेहमी सांगत.